सिलिंडरचे वरचे पैसे : द्यायचे की नाही?

तिसरा_मजला (डोंबिवली)
परवा आईकडे सिलिंडर आला. पैसे ऑनलाइन आधीच भरलेले. तरी सिलिंडर आणणाऱ्या माणसाने दारात उभं राहून वरचे पन्नास मागितले. आईने वीस पुढे केले तर म्हणाला, "राहू द्या आजी, पुढच्या वेळी खालूनच न्या." आई ७४ वर्षांची, घरी एकटी. घाबरून तिने पन्नास दिले.

पावतीवरच्या रकमेत घरपोच देण्याचा खर्च धरलेला असतो. गोदामातून स्वतः आणला तर तेवढी सूट मिळते. मग त्याच कामाचे दोनदा पैसे का? खुशीने देणं वेगळं, हे अडवून घेणं झालं. आईला सांगितलंय, यापुढे एक रुपया द्यायचा नाही.

चाळकरी_लालबाग
आजींना घाबरवलं ते चुकलंच. पण "एक रुपया नाही" हे पटलं नाही. भरलेला सिलिंडर म्हणजे १४.२ किलो गॅस आणि लोखंडाचे पंधराएक किलो. आमच्याकडे चार माळे, लाकडी जिना. खांद्यावर गोणपाटाची घडी, एक हात कठड्याला, प्रत्येक वळणावर दम खायला थांबणं. हे मी रोज बघतो. लिफ्टवाल्या टॉवरचं आणि आमचं बिल मात्र सारखंच.

माझ्या मेहुण्याने सहा वर्षं हे काम केलं. एजन्सी त्याला नगावर पैसे द्यायची, पगार नाही. तुम्ही बिलात भरता ते सगळं त्याच्या हातात कधीच पडलं नाही.

तिसरा_मजला
म्हणजे पैसे एजन्सीने ठेवले आणि भरपाई माझ्या आईने करायची? आपण गपचूप पन्नास टेकवतो म्हणूनच एजन्सीला कोणी जाब विचारत नाही.

चाळकरी_लालबाग
जरूर विचारा. पण एजन्सी सुधारेपर्यंत त्याच्या घरची चूल तुमच्या तत्त्वावर पेटणार नाही.

सुजाता_सातारा
मी देते, पण काम बघून. आधी सील बघायचं. मग त्याच्याकडच्या काट्यावर वजन करायला लावायचं. रिकाम्या टाकीचं वजन वरच्या कड्याच्या पट्टीवर लिहिलेलं असतं, त्यात १४.२ मिळवायचे. गळती तपासून घ्यायची. आणि मोबाइलवरचा कोड टाकी घरात आल्यावरच सांगायचा.

गेल्या महिन्यात आमच्या टाकीच्या तोंडातला रबरी वायसर फाटलेला निघाला. त्याने स्वतःहून नवा बसवला, साबणाचं पाणी लावून बुडबुडे येत नाहीत ना ते दोनदा बघितलं. त्याला मी तीस रुपये आणि ताक दिलं. "वरचे काढा" म्हणत टाकी उंबऱ्यावर आपटणाऱ्याला काहीच देत नाही.

चाळकरी_लालबाग
ताई, तपासणी तर त्याचं कामच आहे. बक्षिसी जिन्याची द्या.

तिसरा_मजला
काल आईशी बोललो. तिला पन्नास रुपयांचं काही नाही. त्याने जाताना पाणी मागितलं होतं, तिने रागाच्या भरात दार लावलं, ते तिच्या मनाला लागून राहिलंय. म्हणाली, पुढच्या वेळी पाणीही देईन आणि वीसही देईन, पन्नास नाही.

तिचे वीस मी अडवणार नाही. एजन्सीला मात्र लेखी पत्र देतोय. त्या माणसाची तक्रार नाही. तिसऱ्या मजल्यावर टाकी चढवायचे त्याला नगामागे किती देता, एवढंच विचारलंय.