कोणता फ्लॉस घेऊ? (सोसायटी ग्रुप, शनिवार रात्र)

मेघना, बी-५०४: मंडळी, मेडिकलमध्ये फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटी साफ करायचा धागा, मागितला तर त्याने पाच डब्या पुढ्यात मांडल्या. मेणाचा, बिनमेणाचा, चपटी टेप, पुदिन्याचा, शिवाय ते धागा ताणून बसवलेलं प्लॅस्टिकचं धनुष्य. मी हात हलवत परत आले. घ्यायचा कोणता?

नेनेकाका, ए-१०१: दातकोरणं आण. एक डबी वर्षभर पुरते.

देशपांडेकाकू, ए-३०२: भावजी, दातकोरणं संपलं म्हणून सेफ्टी पिनेने हिरडी कोणी फाडून घेतली होती?

नेनेकाका, ए-१०१: तो अपघात होता.

संदीप, सी-२०३: शिवणाच्या रिळाचा दोरा चालतो की. मी तोच वापरतो.

डॉक्टर, बी-१०२: संदीप, बंद कर ते. तो दोरा हिरडी कापतो आणि त्याचे तंतू सुटून फटीत बसतात. मेघना, डब्यांचं नंतर बघू. आधी सांग, दात घट्ट आहेत का? कुठे फिलिंग, कॅप, ब्रिज? आणि अन्न सगळीकडे अडकतं की एकाच जागी?

मेघना, बी-५०४: दात अगदी चिकटून. अडकतं फक्त खालच्या डाव्या दाढेपाशी, मेथी असो की मटण. तिथे जुनं फिलिंग आहे. बहिणीकडचा फ्लॉस घालून पाहिला, तर तिथेच उसवला आणि अर्धा आत राहिला.

डॉक्टर, बी-१०२: घट्ट दातांना मेण लावलेला घे, नाहीतर टेप. मेणामुळे धागा सरकतो आणि सहसा उसवत नाही. टेपमध्ये पीटीएफई नावाच्या प्लॅस्टिकची असते ती आणखी गुळगुळीत. बिनमेणाचा बारीक असतो, पण लवकर उसवतो. सफाईत म्हणशील तर मेणाचा आणि बिनमेणाचा यांत सांगण्यासारखा फरक नाही. पुदिना नुसता चवीला.

पण एकाच दाढेपाशी रोज अडकतं आणि धागाही तिथेच फाटतो, हे मला काही बरं वाटत नाही. फिलिंगची कड खरखरीत झाली असेल, किंवा दोन दातांच्या मधे कीड लागली असेल. ती आरशात दिसत नाही, एक्सरे काढावा लागतो. डबी बदलून हे सुटणार नाही. या आठवड्यात दाखवून घे.

मेघना, बी-५०४: बापरे. मी आपली फ्लॉसलाच नावं ठेवत होते.

अनघा, ए-४०३: डॉक्टर, बाबांना ब्रिज आहे, धागा वरून जातच नाही. हातही थरथरतो.

डॉक्टर, बी-१०२: वरून जाणारच नाही, ब्रिजचे दात एकमेकांना जोडलेले असतात. त्यांना सुपरफ्लॉस आण. एक टोक कडक, मधे स्पंजसारखा जाडसर भाग, पुढे साधा धागा. तुकडे कापलेलेच मिळतात. कडक टोक ब्रिजच्या खालून ओवायचं आणि जाड भाग मागेपुढे फिरवायचा. सुरुवातीला तूच करून दे. बाकी दातांत फटी मोठ्या असतील तर धाग्यापेक्षा फटीत घालायचा छोटा ब्रश बरा. माप त्यांच्या डॉक्टरांकडून ठरवून घे. रेटावा लागला तर तो मोठा होतोय. हाताचा त्रास असलेल्यांना ते धनुष्यही सोयीचं पडतं, फक्त दाताला नीट गुंडाळता येत नाही आणि तोच तुकडा सगळ्या दातांतून फिरतो. मधे मधे धुवायचा.

नेनेकाका, ए-१०१: अमेरिकेतच सिद्ध झालंय की फ्लॉसचा काही उपयोग नाही. २०१६ साली पेपरात आलं होतं.

डॉक्टर, बी-१०२: काका, अर्धं बरोबर. तिथल्या सरकारी आहार-मार्गदर्शिकेतून फ्लॉसचा उल्लेख गळला आणि असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने पुरावा कमकुवत असल्याची बातमी दिली. पुरावा कमकुवत आहेच, मी नाही म्हणत नाही. २०१९ च्या कोक्रेन आढाव्यातही (ही संस्था सगळे अभ्यास एकत्र तपासते) एवढंच आहे की नुसत्या ब्रशपेक्षा ब्रश आणि फ्लॉसने हिरड्यांची सूज कमी होऊ शकते, तेही फार खात्रीने नाही. पण ब्रश दोन दातांच्या मधे पोचत नाही, हे तर तुमच्या पिनेनेही सिद्ध केलंय.

देशपांडेकाकू, ए-३०२: 😂😂

कुलकर्णी, सी-४०१: डॉक्टर, एका वेळी किती धागा लागतो? ५० मीटरची डबी घरात पडून आहे.

डॉक्टर, बी-१०२: साधारण ४५ सेंमी. बराचसा मधल्या बोटांना गुंडाळायचा, दर फटीला नवा भाग. सरळ खाली दाबायचा नाही. दाताला कवेत घेऊन वरखाली करायचा. सुरुवातीला थोडं रक्त येईल. दोन आठवड्यांतही थांबलं नाही तर दाखवा.

कुलकर्णी, सी-४०१: म्हणजे १११ वेळा. रोज एकदा धरलं तर साडेतीन महिन्यांच्या वर. वाईट नाही.

सेक्रेटरी, ए-२०१: विषय निघालाच आहे तर, वापरलेला फ्लॉस कृपया कमोडमध्ये टाकू नये. नायलॉन विरघळत नाही. मागच्या महिन्यात सी विंगच्या चेंबरमधून प्लंबरने केसांचा आणि दोऱ्याचा हा एवढा गुंता काढला.

संदीप, सी-२०३: पांढरा असेल तर माझा नाही. माझं रीळ निळं आहे.

सेक्रेटरी, ए-२०१: निळाही होता.