पार्ट-टाइम एमएफएम, नोकरी आणि घर : तीन वर्षं नक्की कुणाच्या खात्यातून जातात?

अबोली_पूर्व

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

वय ३५. बीकॉम झाल्यापासून अकाउंट्समध्येच. ऑफिस लोअर परळला, घर डोंबिवली पूर्वेला. नवरा अंबरनाथ एमआयडीसीत, एक आठवडा फर्स्ट शिफ्ट, एक आठवडा सेकंड. मुलगी दुसरीत. सासूबाई आमच्याकडेच असतात, गुडघ्यांनी बेजार आहेत, पण ओट्याचा ताबा अजून सोडलेला नाही.

मुंबई विद्यापीठाच्या एमएफएमला, म्हणजे फायनान्सच्या तीन वर्षांच्या संध्याकाळच्या मास्टर्सला, चर्चगेटजवळच्या एका संस्थेत नाव लागलंय. सोम, मंगळ, गुरू, शुक्र, साडेसहा ते साडेनऊ. फी भरायला दहा दिवस आहेत.

माझं मत स्पष्ट आहे : करावं. माझ्या हाताखाली काम शिकलेली दोन मुलं पदवीच्या जोरावर माझ्या वर गेली. त्यांच्याबद्दल राग नाही, पण त्यांची मंथ-एंड, म्हणजे महिनाअखेरचे हिशेब, मी अजूनही निस्तरते. चीड येते ती दुसऱ्याच गोष्टीची. "घर सांभाळून जमेल का?" हे मला वॉचमन सोडून सगळ्यांनी विचारलं. आमच्याच ऑफिसात एकाने हाच कोर्स केला, त्याला लोकांनी पेढे मागितले होते.

तर बोला. विरोधी मतं आधी आली तरी चालतील.

बॅलन्सशीट

विरोधी मतापासूनच सुरू करतो, ताई. भावना बाजूला ठेवून तास मोजू.

आत्ता तुम्ही पावणेआठपर्यंत घरी पोचत असाल. लेक्चर संपवून चर्चगेटहून सीएसएमटी गाठायचं, मिळेल ती कल्याण नाहीतर कर्जत पकडायची, म्हणजे घरी सव्वाअकरा. दिवसाला साडेतीन तास, आठवड्याला चौदा. वर्षाला तीस आठवडे शिकवणी धरली तर तीन वर्षांत साडेबाराशे तासांच्या वर. यात अभ्यास नाही, प्रोजेक्ट नाही, परीक्षा नाहीत, आणि मार्चअखेर तर नाहीच नाही. हे तास आकाशातून पडत नाहीत. तुमच्या मुलीचे आणि सासूबाईंचे आहेत. दुसऱ्याच्या खात्यातून उचल करायची तर आधी त्याला विचारायला हवं, एवढंच म्हणणं आहे. पुरुषांनीही विचारायला हवं. ते विचारत नाहीत, म्हणून बायकांनीही विचारू नये, हा काही युक्तिवाद नव्हे.

शिवाय पर्याय आहे. इग्नूचं एमबीए आहे, नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचं आहे. घरी बसून करा. दूरशिक्षणाच्या मान्यताप्राप्त पदव्या नेहमीच्या पदवीच्या बरोबरीच्या, हे यूजीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये स्वच्छ सांगितलंय.

बिनसाखरेचा

बॅलन्सशीट यांना +१. पोर दुसरीत आहे, हीच वर्षं परत येत नाहीत.

रानजाई

@बिनसाखरेचा, पोर दुसरीत असताना परत येत नाहीत, चौथीत असताना परत येत नाहीत, दहावीत असताना तर विचारूच नका. मग कधी? पोराचं लग्न लावून?

बॅलन्सशीट, "घरी बसून करा" हे वाक्य ज्याने घरी बसून काही केलेलं नाही तोच लिहू शकतो. मी इग्नूचं एमबीए घेतलं होतं. किमान दोन वर्षांत होतं, जास्तीत जास्त चार मिळतात. मला चारही कमी पडली. पुस्तकं उत्तम होती, त्यात काही खोट नाही. पण घरी बसलेल्या बाईचा अभ्यास हा अभ्यास नसतो, ती "मोकळी" असते. जून आणि डिसेंबरच्या परीक्षा येत-जात राहिल्या. एकदा असाइनमेंटच्या कागदावर मी किराणा लिहिलेला सापडला, तूरडाळ दोन किलो, खाली कॉस्ट ऑफ कॅपिटलचं अर्धं उत्तर. पुस्तकं आता माळ्यावर आहेत.

चर्चगेटला जाणारी बाई निदान घरात नसते. हाच त्या कोर्सचा सगळ्यात मोठा फायदा.

कर्जत_डबल_फास्ट

मी हाच एमएफएम २०२५ मध्ये संपवला, तेव्हा दोन्हीकडचं थोडं.

आधी वर्गाची बाजू. आमच्या वर्गात वसईचा एक लहान कारखानदार होता, पत्र्याच्या प्रेसकामाचा. एका रात्री वर्किंग कॅपिटल, म्हणजे खेळतं भांडवल, चाललं होतं. सर सांगत होते, पुरवठादारांचे पैसे जितके दिवस आपल्याकडे राहतील तितकी रोकड मोकळी. हा मागच्या बाकावरून म्हणाला, "सर, ते पैसे माझे असतात." वर्ग हसला. मला हसू आलं नाही, कारण पेमेंट नव्वद दिवस लटकवायचं काम आमच्या ऑफिसात मीच करायचो. प्राप्तिकराचं कलम ४३बी(एच) तेव्हा नुकतंच लागू झालं होतं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असेल तर फार तर ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यायचे; मुदत चुकली तर खर्चाची वजावट प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत मिळत नाही. त्याचं सर्क्युलर मी फाइलला लावून मोकळा झालो होतो. त्या रात्री ब्रेकमध्ये वडापाव खाताना त्याने मला त्याच्या उधारीची वही दाखवली. दुसऱ्या दिवशी मी आमची थकीत यादी उघडून लघुउद्योगांची नावं वेगळी काढायला बसलो. माळ्यावरच्या पुस्तकाने हे झालं नसतं.

आता दुसरी बाजू. कोर्स संपल्यावर मुलाच्या शाळेच्या जुन्या डायऱ्या रद्दीत निघाल्या. तीन वर्षांत पालकाच्या सहीच्या रकान्यात माझी एकही सही नाही. सगळ्या बायकोच्या, आणि सात-आठ आईच्या, थरथरत्या. मला वाटायचं, मी कसरत करतोय. कसरत त्या दोघी करत होत्या. मी लोकलमध्ये झोपत होतो.

तरी करू नका असं म्हणणार नाही. बॅलन्सशीट म्हणतात तसं विचारा, एवढं मात्र नक्की.

एका_विद्यार्थ्याची_बायको

वरच्या प्रतिसादाखाली टाळ्या वाजायच्या आत थोडं पाणी ओतते.

डायरी बघून डोळे भरून येणं छान आहे. पुढे काय झालं? माझ्या नवऱ्याचाही कोर्स झाला, दीड वर्षात बढती झाली, आता तो आठलाच घरी येतो, कारण मीटिंगा वाढल्या. माझी पाळी अजून आलेली नाही. "विचारलं" होतं मलाही. पेढ्याचा बॉक्स समोर ठेवून विचारलं होतं. त्याला नाही कोण म्हणणार?

म्हणून बॅलन्सशीटशीही असहमत आणि कर्जतशीही. परवानगी विचारण्याने काही होत नाही. कुठल्या वारी कोण काय करणार, ते कागदावर उतरवा आणि फ्रिजवर लावा. मोबदल्यात त्याला किंवा तिला पुढे काय मिळणार, तेही त्याच कागदावर. अबोली, तुझ्या बाबतीत उलटं आहे म्हणून मला आनंदच आहे. जा. पण तुझ्या सासूबाई म्हणजे मी आहे, फक्त गुडघे दुखणारी मी.

बॅलन्सशीट

कागदाशी पूर्ण सहमत. मला हेच म्हणायचं होतं, तुम्ही बरं मांडलंत.

रानजाई, घरी बसून काही केलेलं नाही हे खरं. शब्द मागे घेतो. तासांचा हिशेब घेत नाही.

पाणपोई

मंडळी, पैशाबद्दल कुणीच बोलेना. कर्ज काढून फी भरणार असाल तर प्राप्तिकरात व्याजाची वजावट (आधीच्या कायद्यातलं ८०ई) मिळते, आठ वर्षांपर्यंत, फक्त व्याजाची, आणि फक्त जुन्या करप्रणालीत. फी थेट खिशातून भरली तर गुंतवणुकीच्या वजावटीत (आधीचं ८०सी) बसत नाही, तिथे मुलांचीच फी चालते. अकाउंट्सवाल्या बाईंना हे सांगणं म्हणजे काजव्याने सूर्याला वगैरे, पण बाकीच्यांसाठी लिहिलं. कंपनी फी देत असेल तर बाँड शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. माझ्या एका मित्राला दुसऱ्या वर्षी नोकरी बदलताना सगळी रक्कम परत करावी लागली.

अवांतर : एमएफएम म्हणजे एमबीए का, हे मुलाखतीत विचारणारे एचआर भेटतील. शांतपणे समजवायची तयारी ठेवा.

बिनसाखरेचा

रानजाई यांनी माझ्यावर तोफ डागलीच आहे, तर खरं सांगतो. माझी आई मी चौथीत असताना बीएड करत होती. संध्याकाळी घर रिकामं असायचं. मला ते आवडायचं नाही, अजूनही आठवतं. पुढे त्याच पगारावर मी शिकलो, हेही खरं. दोन्ही खरं आहे, त्यातून निष्कर्ष मला काढता येत नाही. +१ मात्र कायम.

रानजाई

हे आधीच लिहिलं असतंत तर तोफ नसती डागली.

अबोली_पूर्व

सगळ्यांचे आभार. कागदाची कल्पना काल रात्री अमलात आणली. शाळेच्या वहीचं मधलं पान, रेघा आखून, वार वरती आणि माणसं डावीकडे. नवऱ्याने फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यातला स्वयंपाक, गृहपाठ आणि दप्तर घेतलं. भाजी येते का, हे विचारलं नाही, ते पुढचं पुढे. मोबदला म्हणून त्याने तीन वर्षांनंतर शिफ्टची नोकरी सोडायची मुभा मागितली. लिहून दिली.

मुलीने स्वतःच्या ओळीत "डायरीवर सही आईची" असं लिहिलं. म्हणजे मी रात्री सव्वाअकराला सही करून ती उशाशी ठेवायची.

सासूबाई चष्मा लावून बराच वेळ कागद बघत होत्या. मला वाटलं आता गुडघे निघणार. म्हणाल्या, "मंगळवार का घेतलास? मंगळवारी माझं भजन असतं." मी म्हटलं, वेळापत्रक संस्थेचं आहे, माझं नाही. म्हणाल्या, "भजन पण माझं नाही, मंडळाचं आहे."

बरोबरच आहे त्यांचं. फर्स्टच्या आठवड्यात नवरा घरी असतो. सेकंडच्या आठवड्यातला मंगळवार तेवढा मोकळा राहतो, साडेसहा ते भजन सुटेपर्यंत, म्हणजे साडेआठ. तो चौकोन अजून कोराच आहे. फी शुक्रवारपर्यंत भरायची. डोंबिवली पूर्वेला साडेआठपर्यंत मुलं ठेवून घेणारं पाळणाघर कुणाला माहीत असेल तर कृपया व्यनि (खासगी निरोप) करा.

बॅलन्सशीट

मत बदललेलं नाही. व्यनि केला आहे, माझ्या बहिणीच्याच इमारतीत आहे एक. त्या पावणेनऊपर्यंत थांबतात, पण जेवण द्यायचं असेल तर आधी सांगावं लागतं.