मदत हवी आहे: स्टारवरून डेल्टात जाताना एमसीबी पडते, शिवाय ब्लोअर मिनिटभर उशिरा बंद करायचा आहे

भुसावाला:
मंडळी नमस्कार. कुपवाडला आमचं छोटं फर्निचर युनिट आहे. भुसा ओढायला १५ एचपीचा सेंट्रिफ्यूगल ब्लोअर आहे, थ्री फेज ४१५ व्होल्ट, नेमप्लेटवर २१ अँपिअर, स्टार-डेल्टा स्टार्टर (मोटर आधी स्टार जोडणीत कमी व्होल्टेजवर सुरू करतो, मग डेल्टात पूर्ण व्होल्टेजवर टाकतो). टायमर ६ सेकंदांवर लावलाय. चाक वेग घ्यायला लागतं न लागतं तोच टायमर डेल्टात टाकतो, धाडकन आवाज येतो आणि बऱ्याचदा ३२ अँपिअरची एमसीबी (करंट जास्त झाला की सप्लाय तोडणारा स्विच) पडते. ओव्हरलोड रिले (जादा करंट बराच वेळ राहिला की मोटर बंद करणारा) मात्र जागचा हलत नाही.

वायरमन म्हणतो एमसीबी मोठी टाका. पॅनेलवाला म्हणतो टायमर गेलाय. मोबाइलच्या स्टॉपवॉचवर बघितलं तर टायमर बरोबर सहालाच बदलतोय, मग गेला कसा?

टायमर साधा ऑन-डिलेचा (सप्लाय मिळाल्यावर ठरलेल्या सेकंदांनी कॉन्टॅक्ट बदलणारा) आहे: ए१, ए२ सप्लायची टर्मिनल आणि १५, १६, १८ कॉन्टॅक्टची, १५ आधी १६ ला जुळलेला, वेळ झाली की १८ ला. सोळावरून स्टारच्या कॉन्टॅक्टरची (कॉइलने ओढला जाणारा मोठा स्विच) कॉइल, अठरावरून डेल्टाच्या.

दुसरी गोष्ट, करवत बंद केली की ब्लोअरही लगेच बंद होतो, भुसा पाइपातच राहतो आणि बेंडला चोंदतो. ब्लोअर पुढे मिनिटभर चालायला हवा. दुकानदाराकडे ऑफ-डिले (बंद केल्यावर वेळ मोजणारे) टायमर दोन प्रकारचे आहेत, एक दुसऱ्यापेक्षा बराच महाग. कोणता घ्यावा? एवढ्यासाठी पीएलसी (मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटर) वगैरे नको.

जुना वायंडर:
टायमर ठणठणीत आहे. त्याला मोटरचा वेग कळत नाही, तो नुसते सेकंद मोजतो. सहा हा आकडा कुणी ठरवला? पॅनेल बनवणाऱ्याने पंपाच्या हिशेबाने ठेवला असणार. पंप पाच-सात सेकंदांत वेग घेतो, ब्लोअरच्या जड चाकाला ते जमत नाही.

स्टारमध्ये प्रत्येक वाइंडिंगला ४१५ ऐवजी २४० व्होल्ट मिळतात. लाइनचा करंट एक तृतीयांश होतो हे सगळे सांगतात, टॉर्कही एक तृतीयांशच उरतो हे कुणी सांगत नाही. चाक अर्ध्या वेगावर असताना डेल्टा टाकला की करंट पुन्हा नेमप्लेटच्या पाच पटीच्या आसपास उडी मारतो. मग स्टारमध्ये थांबून मिळवलं काय?

टंगटेस्टर (वायरीभोवती अडकवून करंट मोजायचं मीटर) एमसीबीखालच्या एका लाइनला लावा (मोटरकडे जाणाऱ्या सहा वायरींना नव्हे). सुरुवातीला करंट वर चढून बराच वेळ तसाच राहील, मग एकदम घसरेल. तो घसरला म्हणजे मोटर वेगावर आली. टायमर त्याच्या सेकंदभर पुढे लावा. घसरतच नसेल तर सेकंद वाढवत बसू नका, स्टारचा टॉर्क कमी पडतोय. आणि हो, पाइपाचं स्लाइड गेट बंद करून सुरू करा. सेंट्रिफ्यूगल ब्लोअर हवा वाहत नसताना सर्वांत कमी लोड घेतो. अ‍ॅक्शियल पंख्याला हा उपाय करू नका, तिथे उलटं होतं.

फेज-न्यूट्रल:
वायंडर काकांशी सहमत, पण तो धाडकन आवाज मला आणखी एका कारणाने खटकतोय. साध्या टायमरचा चेंजओव्हर कॉन्टॅक्ट सोळावरून अठरावर क्षणात जातो. स्टारच्या कॉन्टॅक्टरचा आर्क विझायच्या आत डेल्टा ओढला गेला तर फेज-टू-फेज शॉर्ट! म्हणून स्टार-डेल्टासाठी वेगळा टायमर मिळतो, तो स्टार सोडल्यावर साधारण ५० मिलिसेकंद थांबून मगच डेल्टा देतो. तोच घ्या. शिवाय स्टारचा एन.सी. (कॉन्टॅक्टर ओढल्यावर सुटणारा छोटा कॉन्टॅक्ट) डेल्टाच्या कॉइलमध्ये आणि डेल्टाचा एन.सी. स्टारच्या कॉइलमध्ये आहे ना, म्हणजे दोन्ही एकदम ओढले जाऊ नयेत म्हणूनचा इंटरलॉक दोन्हीकडून आहे ना, हे आधी बघा. कॉन्टॅक्टरचे पॉइंट काळे पडले असतील तर उत्तर तिथेच आहे. मोठी एमसीबी अजिबात नको. एमसीबी सी कर्व्हची असेल तर त्याच अँपिअरची डी कर्व्ह (सुरुवातीचा क्षणिक करंट जास्त सोसणारी) चालेल, पण हे सगळं झाल्यावर.

भुसावाला:
गेट बंद करून बघितलं. करंट ४० च्या वर गेला, दहाव्या सेकंदाच्या आसपास घसरला आणि ८ वर आला. टायमर १२ वर ठेवलाय, एमसीबी आज पडली नाही. इंटरलॉक फक्त एका बाजूने होता, स्टारच्या कॉइलमध्ये. स्टारचे पॉइंट काळे आहेत, बदलतोय. ऑफ-डिलेचं सांगा ना कुणीतरी.

फेज-न्यूट्रल:
स्वस्तवाला घ्या, आणि किंमत हे त्याचं कारण नाही. त्याला ए१-ए२ वर सतत सप्लाय लागतो आणि वेगळ्या कंट्रोल टर्मिनलवरून तो मोजायला लागतो. तिथे करवतीच्या कॉन्टॅक्टरचा एन.ओ. (कॉन्टॅक्टर ओढल्यावर जुळणारा कॉन्टॅक्ट) द्यायचा, आणि टायमरचा १५-१८ ब्लोअरच्या स्टार्टरच्या कंट्रोल लाइनमध्ये. महागडा सप्लाय गेल्यावरही आतल्या साठ्यावर मोजत राहतो. तुमच्याकडे लाइट जाऊन अर्ध्या मिनिटात परत आली तर त्याचा कॉन्टॅक्ट अजून जुळलेलाच असेल, आणि ब्लोअर आपोआप सुरू होईल. कुणी चाकात अडकलेला तुकडा काढत असेल तर? स्वस्तवाल्याचा कॉन्टॅक्ट अशा वेळी सुटतो, करवत पुन्हा लावेपर्यंत गप्प राहतो. इमर्जन्सी स्टॉप मात्र टायमरच्या पुढे, थेट ब्लोअरच्या कॉइल लाइनमध्ये ठेवा, नाहीतर बटण दाबूनही ब्लोअर मिनिटभर फिरत राहील.

जुना वायंडर:
मिनिटाऐवजी तीन मिनिटं ठेवा. करवत दिवसभर चालू-बंद होते, प्रत्येक वेळी १५ एचपी नव्याने सुरू केली तर वाइंडिंग तापतं. मग तुम्ही माझ्याकडेच येणार!

भुसावाला:
कंट्रोल टर्मिनलला फेज द्यायचा की नुसता कोरडा कॉन्टॅक्ट (बाहेरून व्होल्टेज न दिलेला)?

फेज-न्यूट्रल:
कंपनीप्रमाणे बदलतं. टायमरच्या अंगावरच आकृती छापलेली असते. त्यात एन.ओ.ची दुसरी बाजू ए१ ला जोडलेली दिसली तर फेज द्या. दोन वेगळी टर्मिनल असून त्यांच्यामध्ये फक्त स्विच दाखवलाय तर कोरडा कॉन्टॅक्ट. तिथे २३० व्होल्ट दिलेत तर टायमर जागच्या जागी जाईल. आकृतीचा फोटो टाका, जोडायच्या आधी बघून सांगतो.