ईसीजी नॉर्मल आला तरी धडधड सोडून देऊ नका
तुमच्या आईंना धडधड होते, पण ईसीजी नॉर्मल आला, म्हणजे ती टेन्शनचीच, असं तुमच्या प्रश्नावर वर एकानं उत्तर दिलंय, ते मला अजिबात पटलं नाही. साधा ईसीजी जेमतेम दहा सेकंदांचा. धडधड थांबल्यावर काढला तर बहुतेक वेळा चांगलाच येणार.

माझ्या वहिनीचं हेच झालं. रंकाळा तलावावर चालताना ठोके एकदम सुटायचे आणि तसेच एकदम थांबायचे. होल्टरमध्येही (अंगावर लावून दिवसभर ठोके नोंदवणारं यंत्र) काही सापडलं नाही. शेवटी धडधड चालू असतानाच रिक्षा करून जवळचा दवाखाना गाठला, तेव्हा कागदावर मिनिटाला १८० ठोक्यांचा वेग उमटला. एसव्हीटी, म्हणजे हृदयाच्या वरच्या भागातून उठणारी वेगवान धडधड!

मग ईपी स्टडी, म्हणजे हृदयातल्या विद्युत वाटांची तपासणी. जांघेतल्या शिरेतून बारीक वायरी हृदयात नेतात, आतले विद्युत संदेश टिपतात आणि मुद्दाम तीच धडधड सुरू करून बघतात. वहिनी जागी होती. डॉक्टरांनी विचारलं, "हीच का ती?" ती म्हणाली, "व्हय, हीच." मग ज्या जादा विद्युत वाटेमुळे धडधड व्हायची, तिची तेवढीच जागा रेडिओ लहरींच्या उष्णतेनं निकामी केली. छाती उघडायची नाही, फक्त नंतर काही तास पाय सरळ ठेवून पडून राहायचं.

नेहमीच्या एसव्हीटीत या उपचाराला यश ९५ टक्क्यांच्या आसपास असतं. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये (हृदयाचे वरचे कप्पे अनियमित थरथरतात, तो आजार) तेवढं नाही, कधी पुन्हा करावं लागतं. धोकाही स्पष्ट विचारा: एव्ही नोडजवळ (वरच्या कप्प्यांतले विद्युत संदेश खाली पोचवणारी जागा) काम असेल तर क्वचित पेसमेकर बसवावा लागतो.

आईंना धडधडीबरोबर चक्कर येत असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर थांबू नका. आणि कोल्हापुरात चौकशी करताना इलेक्ट्रोफिजिऑलॉजिस्ट (हृदयाच्या ठोक्यांच्या बिघाडाचे तज्ज्ञ) कुठे भेटतात, हेच विचारा.