वाकड्या ओपनिंगवरून इंजिनाची ताकद मोजायची?

तिरका_उंट: स्टॉकफिश या बुद्धिबळ इंजिनाच्या, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रॅमच्या, दोन आवृत्त्या घरी रात्रभर लढवल्या. नेहमीच्या मांडणीपासून 100 डाव, जवळजवळ सगळे बरोबरीत. जाणकार म्हणतात, असमतोल ओपनिंग (एका बाजूला झुकलेल्या सुरुवातीच्या चाली) ठरवून द्या, म्हणजे निकाल लागतील. पण ज्या चाली कुठलंच इंजिन आपणहून खेळणार नाही, त्या गळ्यात मारायच्या आणि मग कोण भारी ते ठरवायचं? बुद्धिबळ पहिल्या चालीपासून सुरू होतं ना!

अडीच_घरं: मग पेपर इतका सोपा काढा की सगळ्यांना पैकीच्या पैकी. काय कळणार? टीसीईसी या इंजिनांच्या स्पर्धेच्या अंतिम लढतीत 50 ओपनिंग असतात आणि प्रत्येक दोनदा, रंग बदलून. वाकडी बाजू दोघांच्याही वाट्याला येते. एकाने पांढऱ्याकडून जिंकला आणि काळ्याकडून वाचवला, तर तो खरा सरस. शिवाय ओपनिंग न बदलता एकाच थ्रेडवर (संगणकाची एकच कामाची साखळी) ठरावीक खोलीपर्यंत, म्हणजे ठरावीक चाली पुढे पाहत, खेळवलंत तर तोच डाव पुन्हा पुन्हा छापून येईल.

तिरका_उंट: रंगांची अदलाबदल मान्य. पण अशा ओपनिंगमुळे बरोबरी कमी होते आणि एलोमधला (खेळाची ताकद मोजणाऱ्या गुणांकनातला) फरक फुगतो. तो आकडा मिरवायचा कशाला?

प्यादं_सातव्या_घरात: आकडा तसाही त्या-त्या परीक्षेचाच असतो. 2017 चा अल्फाझिरो, तो स्वतःशीच खेळून शिकलेला प्रोग्रॅम, आठवा. स्टॉकफिश 8 विरुद्ध 100 डाव, 28 विजय, 72 बरोबरी, पराभव शून्य. म्हणजे 64 गुण, साधारण 100 एलोचा फरक. पण चालीला सक्तीचा एक मिनिट, त्यामुळे अवघड जागी जास्त वेळ घ्यायचं स्टॉकफिशचं कसब वायाच गेलं. ओपनिंग बुकही (सुरुवातीच्या तयार चालींचा साठा) नव्हतं. 2018 च्या शोधनिबंधात रीतसर वेळ देऊन 1000 डाव झाले: 155 विजय, 6 पराभव. म्हणजे सुमारे 57 टक्के गुण, फरक निम्म्यावर! जिंकला तोच, पण माप बदललं.

अडीच_घरं: आणि उंटराव, 100 डावांत दोन आवृत्त्यांमधला 2 एलोचा फरक दिसतच नाही. तो गुणांत जेमतेम 50.3 टक्के. फिशटेस्टवर, म्हणजे स्टॉकफिशच्या चाचणी-यंत्रणेवर, स्वयंसेवकांच्या संगणकांवर एकेका बदलासाठी हजारो डाव होतात, आणि पुरावा पुरेसा झाला की चाचणी थांबते. डाव किती, हे आधी ठरवतच नाहीत.

तिरका_उंट: ठीक आहे, रंग बदलून जोड्या लावतो. पण ओपनिंग मीच निवडणार, आणि एक फेरी नेहमीच्या मांडणीचीही ठेवणार. वीजबिल कोण भरणार, तेवढं सांगा.