घरातल्या तबकड्या तुम्ही कुठे आणि कशा ठेवल्या आहेत?

जुनेसूर

आमच्या इमारतीच्या पुनर्विकासासाठी दोन महिन्यांत घर रिकामे करायचे आहे. गेल्या रविवारी बाहेरच्या खोलीतल्या सागवानी फडताळापाशी बसून मी वडिलांच्या ग्रामोफोनच्या तबकड्या मोजल्या. लाखेच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, ६१२ भरल्या आणि एलपी, म्हणजे विनाइलच्या, ४८०. वेष्टनासकट प्रत्येकीचे वजन सरासरी पाव किलो धरले तरी हा ऐवज अडीचशे किलोंच्या पुढे जातो, आणि तो आता तीन वर्षांसाठी चौथ्या मजल्यावरच्या भाड्याच्या घरात न्यायचा आहे.

मोजता मोजता २१७ क्रमांकाचे पाकीट हाताला लागले. जाड तपकिरी कागदाचे ते पाकीट आहे, लेबल दिसावे म्हणून त्याच्या मध्यभागी गोल खिडकी कापलेली आहे आणि कोपऱ्यात वडिलांनी पेन्सिलीने खरेदीची तारीख घातलेली आहे. आत तबकडीचे दोन तुकडे आहेत. मी नऊ वर्षांचा असताना मे महिन्याच्या सुटीत फडताळ पुसायचे म्हणून तबकड्या खाली काढल्या आणि चाळीसेक तबकड्यांची चवड ट्रंकेवर रचली. ट्रंकेचे झाकण मधोमध किंचित दबलेले होते, हे माझ्या लक्षात आले नाही. सर्वांत खालच्या तबकडीने ‘टक्’ असा कोरडा आवाज केला. वडील संध्याकाळी घरी आले तेव्हा मी रडतच सांगितले. त्यांनी दोन्ही तुकडे मऊ फडक्याने पुसले, पाकिटात घातले आणि पाकीट २१६ आणि २१८ यांच्या मध्ये पुन्हा उभे केले. “तबकडी नेहमी उभी ठेवायची, आणि हिची जागा मोडायची नाही,” एवढेच ते म्हणाले.

त्यांच्या मांडणीत गायक, घराणे किंवा भाषा असा विचार नव्हता. तबकडी ज्या क्रमाने घरात आली, तो तिचा आकडा. त्यामुळे फडताळाच्या डाव्या टोकाला त्यांच्या नोकरीची पहिली वर्षे आहेत आणि उजवीकडे सरकत गेले की आमच्या शाळेचे दिवस लागतात. हा क्रम न मोडता, काही न फुटता हे सारे हलवायचे आणि भाड्याच्या घरात नीट ठेवायचे आहे. ज्यांच्या घरी असा संग्रह आहे किंवा होता, त्यांनी आपले अनुभव सविस्तर लिहावेत, ही विनंती.

कौलारू

आमच्याकडे रत्नागिरीत जून ते सप्टेंबर हवेत इतका दमटपणा असतो की एलपीच्या वेष्टनांवर आठ दिवसांत पांढरी बुरशी धरते. आजोबांनी पहिली काही वर्षे कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवले होते आणि पाठीमागच्या दोन रांगांची वेष्टने त्यात गेली. तेव्हापासून कपाट आतल्या भिंतीशी, तेही चार बोटे अंतर सोडून, आणि सर्वांत खालची फळी जमिनीपासून वीतभर उंच अशी व्यवस्था आहे. सिलिका जेलच्या पुड्या प्रत्येक कप्प्यात ठेवतो आणि उघडीप मिळाली की त्या तापवून पुन्हा वापरतो. वेष्टनांना वारा देतो. तबकड्यांना मात्र ऊन कधीच दाखवत नाही, कारण खिडकीतून आलेल्या तासाभराच्या उन्हानेही एलपीला बाक येतो.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. आमच्या मामांनी बुरशी पुसण्यासाठी लाखेच्या तबकड्यांवर स्पिरिट वापरले. सुतार पॉलिश करताना चपडा लाख स्पिरिटमध्येच विरघळवतो, हे त्यांना ठाऊक होते, पण तबकडीही त्याच लाखेची आहे, हे त्या क्षणी सुचले नाही. अकरा तबकड्यांच्या खाचा कायमच्या गेल्या. लाखेच्या तबकडीला फक्त स्वच्छ पाणी, सौम्य साबणाचा एखादा थेंब आणि मऊ कापड लावावे. कापड खाचांच्या दिशेने गोल फिरवावे आणि लेबल कोरडे राहील, याची काळजी घ्यावी.

नदीकाठची

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि आम्ही पुण्यात नारायण पेठेत तळमजल्यावर राहत होतो. काकांच्या तबकड्या लोखंडी ट्रंकेत होत्या. पाणी ओसरल्यावर चिखलातून ट्रंक उपसून काढली, तेव्हा आतली पाकिटे लगदा होऊन तबकड्यांना चिकटली होती. काकूने आणि मी वाड्याच्या हौदाजवळ बसून एकेक तबकडी धुतली. बऱ्याच शाबूत निघाल्या, परंतु लेबले सुटून पाण्यात तरंगू लागली आणि कोणती तबकडी कोणाची, हे कळेनासे झाले.

काकांनी हार मानली नाही. लेबलाच्या कडेला तबकडीतच बारीक आकडे उमटवलेले असतात, ते त्यांनी भिंगातून वाचून वहीत उतरवले. पुढे शेजाऱ्यांकडून ग्रामोफोन मागून आणला आणि एकेक तबकडी लावून, गाणे ओळखून, नवे कागदी लेबल स्वतःच्या हाताने लिहून चिकटवले. त्या कामाला त्यांना दोन वर्षे लागली. म्हणून सांगते, बाबांची यादी फक्त पाकिटांवर राहू देऊ नका. वहीत उतरवून घ्या, त्या वहीची छायाचित्रे काढा आणि ती दुसऱ्या घरी ठेवा.

जुनेसूर

नदीकाठताई, तुमचा प्रतिसाद मी आईला मोठ्याने वाचून दाखवला. ते बारीक आकडे आमच्या तबकड्यांवरही आहेत, हे तुमच्यामुळे आज पहिल्यांदा नीट पाहिले. यादीचे काम रात्रीच सुरू केले आहे.

कोनाडा

भाड्याच्या घरात भिंतीला खिळे ठोकता येत नाहीत, म्हणून मी लोखंडी कोनांचे, नटबोल्टने जोडायचे रॅक करून घेतले. एका फुटात साधारण सत्तर ते ऐंशी एलपी मावतात, म्हणजे फुटाला अठरा ते वीस किलो भार येतो. पुस्तकांच्या हिशेबाने बनवलेली पातळ फळी काही महिन्यांत मधोमध झुकते. प्रत्येक वीतभर अंतरावर उभी आडफळी घातली की तबकड्या कलत नाहीत. कललेली एलपी वाकते आणि फार दाटीत ठेवलेली काढताना वेष्टन फाटते, तेव्हा दोन बोटे शिरतील एवढी मोकळीक ठेवावी. रॅक खोलीच्या मध्यभागी न ठेवता भिंतीलगत, शक्यतो तुळईच्या वरच्या बाजूस ठेवा. १० इंची आणि १२ इंची तबकड्या एका कप्प्यात मिसळू नका, कारण मोठ्या तबकडीला लहानीचा आधार पुरत नाही.

कौलारू

कोनाडा, लोखंड आमच्या हवेत गंजते आणि लाकडाला वाळवी लागते, म्हणून तुमच्या रॅकला कोणता रंग दिला आहे, ते कृपया कळवावे.

कोनाडा

पावडर कोटिंग करून घेतले आहे. पाच पावसाळे झाले, कुठेही तांबेरा धरलेला नाही.

आंबोळी

आमच्याकडे तबकड्या पोटमाळ्यावर अगदी व्यवस्थित होत्या, परंतु वाजवण्याचे यंत्र कोणीतरी भंगारात दिले आणि पिनांचा डबाही हरवला, त्यामुळे वीस वर्षे तो संग्रह मुका राहिला. मी गोव्यात राहते. इथल्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांचा आवाज १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेला, हे आपण सर्व अभिमानाने सांगतो. सोन्याचा मुलामा दिलेल्या त्या तांब्याच्या तबकडीसोबत ती वाजवण्याची सुईसुद्धा पाठवलेली आहे, हे वाचले तेव्हा मला आमचा पोटमाळा आठवला आणि फार वाईट वाटले. संग्रह हलवताना यंत्र, सुया आणि पट्टा हेही त्याचाच भाग समजून सोबत न्यावे.

दूरदेशी

आंबोळीताई, सुईबद्दल पूर्ण सहमत आहे. मी न्यू जर्सीत राहतो आणि आईच्या माहेरच्या लाखेच्या चाळीस तबकड्या तीन फेऱ्यांत, हातातल्या बॅगेत घालून आणल्या. प्रत्येक तबकडी पुठ्ठ्याच्या दोन चौकोनांमध्ये ठेवली होती आणि बॅग सतत उभी राहील असे पाहिले होते. एकही तडकली नाही. इथे आल्यावर मात्र चूक केली. त्या एलपीच्या सुईने वाजवल्या. लाखेच्या तबकडीची सुई एलपीच्या सुईपेक्षा सुमारे तिप्पट जाड असावी लागते. बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी घासत राहते, आवाजापेक्षा खरखरच जास्त ऐकू येते आणि सुईही झिजते. आता वेगळी सुई घेतली आहे. पहिल्या वर्षी खोकी तळघरात ठेवली होती आणि उन्हाळ्यात तिथल्या ओलीने पाकिटांना वास लागला, तेव्हा ती वर, हीटरपासून दूर, जिन्याखालच्या कपाटात आणली.

सहावीकाळी

माझा अनुभव सीडींचा आहे. २००३ साली मी वडिलांच्या दोनशे तबकड्या संगणकावर उतरवून घरीच सीडींवर भरल्या आणि त्या चेन लावलेल्या घड्यांच्या पिशवीत घालून स्वयंपाकघराच्या माळ्यावर ठेवल्या. तो माळा शेगडीच्या बरोबर वर होता. पंधरा वर्षांनी पाहिले तेव्हा निम्म्याहून अधिक सीडी वाचल्याच जात नव्हत्या, काहींचा चंदेरी थर पिशवीच्या प्लॅस्टिकला चिकटून सुटला होता. मूळ तबकड्या मी तेव्हा विकल्या नव्हत्या, हे माझे भाग्य. सगळे पुन्हा उतरवले आणि आता दोन हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत ठेवले आहे. प्रत काढली म्हणून मूळ तबकडी कृपया कोणीही देऊन टाकू नका.

नदीकाठची

चकचकीत जाड पीव्हीसीची वेष्टनेही टाळा. ती उन्हाळ्यात एलपीला चिकटतात आणि धुरकट डाग पाडतात. आत साध्या पॉलिथिनचे अस्तर असलेले कागदी पाकीट चांगले.

जुनेसूर

सर्वांचे मनापासून आभार. फडताळाच्या प्रत्येक कप्प्याचे छायाचित्र काढले, यादीचे ६१२ आकडे पूर्ण झाले, एलपींचे सुरू आहेत. एका खोक्यात पंचवीसच तबकड्या, सर्व उभ्या, कडेला पुठ्ठा, आणि खोक्यावर ‘२०१ ते २२५’ असे मोठ्या अक्षरांत, अशी पद्धत ठरवली आहे. आईने २१७चे पाकीट स्वतः हातात घेतले, तुकड्यांच्या मध्ये पातळ कागद घातला आणि ते त्याच्या जागी ठेवले. यंत्र आणि सुया माझ्या मांडीवर येतील. टेम्पो शनिवारी सकाळी सात वाजता येणार आहे.

कोनाडा

टेम्पोत खोकी चालकाच्या केबिनच्या पाठीला लावून ठेवा, मागच्या चाकांवर धक्के जास्त बसतात. तबकड्यांच्या कडा प्रवासाच्या दिशेने असू द्या, आणि खोक्यांवर गादीसुद्धा ठेवू देऊ नका. चौथ्या मजल्यावर उद्वाहक बंद असेल तर एका माणसाला एकच खोके द्या.