कंप, कंपन, दोलन, आंदोलन: आवाजाच्या धड्यातले शब्द

भाची आठवीत आहे. काल तिनं वहीत लिहिलं, 'वस्तूच्या दोलनामुळे ध्वनी निर्माण होतो.' मी म्हटलं, दोलन झोपाळ्याचं, इथं 'कंपन' हवं. तर म्हणाली, 'दोन्ही पुढं-मागंच ना? मग झोपाळ्याचा आवाज का येत नाही?' (कड्या कुरकुरतात तो धरायचा नाही.) दोन शब्दांत नेमका फरक काय?

प्रतिसाद
भाचीचं फारसं चुकलेलं नाही. दोलन हा मोठा शब्द. डोलणे, हिंदोळा हे त्याचेच सगेसोयरे. छोट्या पल्ल्याचं, झपझप चाललेलं दोलन म्हणजे कंपन. झोपाळ्याला एक फेरा पुरा करायला दोन-तीन सेकंद लागतात, आणि कानाला सेकंदाला निदान 20 फेरे हवेत. वरची हद्द साधारण 20,000. फुलपाखराचे पंख सेकंदाला दहाएक वेळा हलतात, काही ऐकू येत नाही. डासाचे काहीशे वेळा, म्हणून ती कानाशी गुणगुण.

वहीत 'तार कंपन पावते' असंही असेल तर बघा. मी 'कंप पावते' लिहीन, किंवा सरळ 'थरथरते'. कंप सुटतो, कंप पावतो; कंपन होतं.

प्रतिसाद
व्याख्या राहू द्या, ताट घ्या. स्टीलचं ताट ओट्यावरून पडलं आणि घणघणत राहिलं की आपण काय करतो? वर तळहात दाबतो. आवाज जागच्या जागी बंद. आता पुन्हा वाजवा आणि काठाला बोट नुसतं टेकवा, झिणझिण्या येतील. तेच कंपन. ताट हवेला ढकलतं, ओढतं. हवा कुठं दाटते, कुठं विरळ होते, आणि ही दाटी-विरळी पुढं सरकत कानापर्यंत येते. पुस्तकात तिला संपीडन आणि विरलन म्हणतात. हवा स्वतः ताटापासून कानापर्यंत चालत येत नाही, हे मुलांना दोनदा सांगावं लागतं.

प्रतिसाद
'आंदोलन' राहिलंच. आता सेकंदाला 240 आंदोलनं म्हटलं की मोर्चेच डोळ्यांपुढं येतात, पण संगीताच्या पुस्तकांत हा जुना शब्द आहे. संगीतशास्त्रकार भातखंड्यांच्या मांडणीत षड्जाची (सा) आंदोलनसंख्या 240, पंचमाची (प) 360, म्हणजे दीडपट. विज्ञानाच्या पुस्तकात तीच वारंवारिता, हर्ट्झमध्ये. मला आंदोलनसंख्या आवडतो. उच्चारताच कळतं की काहीतरी मोजायचंय.

आणि 'तारता'! मुलांना वाटतं तारेवरून आला. नाही. हा तार म्हणजे उंच स्वर: तारसप्तक, तारस्वरात ओरडणं. वारंवारिता वाढली की तारता वाढते. मोठ्यानं ओरडणं वेगळं, तिथं आयाम, म्हणजे कंपनाचा पल्ला, वाढतो. गंमत अशी की बोलीत 'तारस्वरात' म्हणताना आपण दोन्ही एकत्रच म्हणतो.

प्रतिसाद
तंबोऱ्याशिवाय ही चर्चा कशी संपेल? नुसती तार हवेला फारशी ढकलूच शकत नाही, बारीक असते. तिची थरथर घोडीतून (तार जिच्यावर टेकते ती पट्टी) तबलीत, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणात, उतरते, तबली आणि भोपळा हवा हलवतात. आम्ही त्याला 'घुमणं' म्हणतो. घोडीवर तारेखाली सुताचा धागा केसभर सरकवला की तार घोडीला जराशी घासत थरथरते आणि एकाच सुरातून वरचे सूर फुटतात. ही जवारी. मिरजेच्या कारागिरांच्या हातात ती असते, धड्यात तिला शब्दच नाही.

मूळ प्रश्नकर्ती
ताटाचा प्रयोग झाला, शेजारीण विचारून गेली. वाक्य आता 'कंपनामुळे' असं केलंय. एकच राहिलं: तिनं 'ध्वनीवर्धक' लिहिलंय.

प्रतिसाद
नि ऱ्हस्व. एकटा असला तर ध्वनी, समासात ध्वनिवर्धक, ध्वनिलहरी. प्रतिध्वनी मात्र दीर्घच, तिथं तो शेवटी आहे.